थेंब घातल्यावर गाडी चालवू नये

पत्रात ठळक अक्षरांत छापलेलं असतं ते.
लेस्टरमध्ये कुणी वाचत नाही.
तिथे बस दवाखान्याच्या दारात थांबते,
गाडी असली तरी लावायला जागा कुठे?

मंगळवारी मात्र कॅमेरा रजईत गुंडाळून
डिकीत ठेवते आणि लिंकनशायरच्या सपाटीत उतरते.
कोबी, नाला, पुन्हा कोबी.
गावच्या सभागृहात, बॅडमिंटनच्या रेषांवर
माझं स्टूल, माझा काळा पडदा.

थर्लबी आला. वय एकाहत्तर,
साखर बावीस वर्षांची जुनी.
चिखलाचे बूट दाराशी काढून
मोज्यांवर उभा राहिला. एका मोज्यातून अंगठा बाहेर.
"थेंब नकोत. तसाच काढ फोटो."
का हो?
"मला घरी कोण नेणार? कुत्रा?"

सोळा मैल. बस गुरुवारी.

तसाच काढला. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी,
तिच्यापलीकडे जे काही होतं ते धुक्यात राहिलं.
रकान्यात मी लिहिलं : रुग्णाने नकार दिला.
खोटं नव्हतं ते.
खरंही नव्हतं.

शुक्रवारी हिबाकची वेळ होती, तिसऱ्यांदा.
तिची खिडकी माझ्या खुर्चीवरून दिसते,
चौथा मजला, दिवसाही ओढलेला निळा पडदा.
रात्रभर गोदामात खोकी चिकटवते ती,
सकाळी नऊला कुठे डोळ्याला डोळा लागतो,
आणि आमचं बोलावणं साडेनऊचं.
रस्ता ओलांडला की दवाखाना. दोनशे पावलं.
रुग्ण आला नाही, असं लिहिलं.

चौथ्यांदा आली, कामावरच्या जाकिटातच.
थेंब घातले, वीस मिनिटं बसा म्हटलं,
तर बसल्या बसल्या घोरायला लागली.
मी तिला तीस मिनिटं दिली.
मग पडद्यावर ते केशरी बिंब, त्यात शिरांच्या फांद्या,
आणि कडेला, कुणी चिमूट झटकावी तसे
तिखटाचे कण.

ऑफिसातून तक्ता येतो : ग्रामीण, शहरी, फरक टक्क्यांत.
रोझलिंड म्हणते, गावाकडे निदान हवा तरी चांगली.
आमच्याकडेही आजाऱ्याला हवापालटाला पाठवत.
थर्लबीकडे हवा हवी तेवढी आहे,
दारं आपटतात तिने.

नोव्हेंबरात तो पुन्हा आला.
मी म्हटलं, थेंब घालते,
आणि उतरेपर्यंत इथेच बसा.
बसला. एवढा वेळ रिकामा कधी बसला नसावा.
पेन्शनरांची कवायत झाली, त्यांच्या खुर्च्या त्याने रचल्या.
बाहुल्या मोठ्ठ्या, काळ्याभोर,
सगळ्यांकडे आश्चर्याने बघत असल्यासारखा.
एका बाईने त्याला केक दिला. मी तिकडे पाहिलं नाही.

चार तास संपले तेव्हा अंधार पडला होता.
रुग्णाला आपल्या गाडीत घेऊ नये, असा नियम आहे.
त्याच्या मागून जाऊ नये, असा नाही.
त्याचे दोन लाल दिवे, ताशी वीस मैल,
दोन्हीकडे काठोकाठ नाले,
आणि मागे मी, डोळ्यांत तेल घालून.

फाटकापाशी त्याने एकदा दिवे मिचकावले.
कुत्रा भुंकला. मी गाडी वळवली
आणि चुकले. फोनला रेंज नव्हती.
कुजक्या कोबीचा वास काचा बंद असून आत येत होता.
कुठल्याशा पंपघराजवळ थांबून
मी कॅमेरा उघडला, त्याचा डावा डोळा पुन्हा पाहिला.

सभागृहात मी नऊ मोजले होते.
अकरा होते.